धर्मप्रांत कोणाचा ?

गेल्या सत्रांत आठवीच्या वर्गास घेऊन मी सदरमधील ऑल सेंट्स कॅथीड्रल दाखवावयास गेलों होतों. देऊळ पाहून झालें, भिंतींवरील स्मृतिलेख वाचून झाले, आणि आम्ही बाहेर झाडाच्या सावलींत बसलों. तेव्हां एका मुलानें विचारलें, "सर, हें देऊळ कोणाच्या मालकीचें ?" मी कांहीं सांगण्यापूर्वींच दुसरा म्हणाला, "बिशपसाहेबांच्या." तिसरा म्हणाला, "मिशनच्या." चौथ्याचे आजोबा एका मंडळीचे पाळक होते, तो म्हणाला, "पूर्वीं इंग्रजांचें होतें, आतां सरकारचें असेल." त्या घोळक्यांत निम्मीं तरी मुलें ख्रिस्ती होतीं; परंतु "हें आमचें आहे" असें एकाच्याही तोंडून निघालें नाहीं.

मुलांना मीं त्या वेळीं थोडक्यांत उत्तर दिलें. पुढें विचार करितां वाटूं लागलें कीं, हा अपसमज मुलांचा नव्हे, तो आपल्या घरांतला आहे. छप्पर गळूं लागलें तर "मिशन पाहून घेईल," पाळकांचा पगार थकला तर "बिशपसाहेब कांहीं करतील," हीं वाक्यें मुलें आपल्याच तोंडून ऐकतात. म्हणून आपल्या नागपूर धर्मप्रांताचा इतिहास व त्याची व्यवस्था यांविषयीं मला जें वाटतें तें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या आईवडिलांपुढें मांडण्याचें मीं योजिलें आहे. माझें म्हणणें इतकेंच कीं, जे धर्मप्रांताचा भार वाहतात त्यांचा तो असतो. हा भार एके काळीं दुसऱ्यांच्या खांद्यावर होता. तो टप्प्याटप्प्यानें आपल्या खांद्यावर येत गेला. परंतु आपण मात्र अद्यापि पाहुण्यासारखे वागत आहों.

धर्मप्रांत म्हणजे एका बिशपांच्या देखरेखीखालील सर्व मंडळ्यांचा समूह. जसा जिल्हा म्हटला म्हणजे केवळ कलेक्टरची कचेरी नव्हे, त्यांतील गांवें व माणसें हाच जिल्हा, तसेंच येथेंही आहे. नांवाविषयीं एक खुलासा केला पाहिजे, कारण मुलें नेहमीं गोंधळतात. छोटा नागपूर हा रांचीकडील धर्मप्रांत निराळा. तो १८९० सालीं स्थापन झाला. आपला नागपूर धर्मप्रांत त्यानंतरचा.

अँग्लिकन म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेंतील मंडळीची हिंदुस्थानांतील रीतसर व्यवस्था १८१३ च्या सनदी कायद्यानंतर सुरू झाली. १८१४ सालीं कलकत्त्यास पहिले बिशप नेमले गेले, आणि कंपनीच्या ताब्यांतील सर्व मुलूख त्या एकट्यांच्या देखरेखीखालीं आला. पुढें १८३५ मध्यें मद्रास व १८३७ मध्यें मुंबई हे धर्मप्रांत निघाले. आपला मध्यप्रांत मात्र कलकत्त्याकडेच राहिला. कलकत्त्यास राहून येथील मंडळीचें सुखदुःख जाणणें कितपत शक्य होतें याची कल्पना वाचकांनींच करावी.

नागपुरांत या मंडळीचें पाऊल प्रथम फौजेबरोबर पडलें. १८१७ सालीं सीताबर्डीची लढाई झाली. त्यानंतर कामठीस छावणी बसली. आणि सदरमधील देऊळ १८५१ सालचें आहे. त्या वेळीं नागपूरकर भोसल्यांचें राज्य नांवापुरतें तरी उभें होतें. तिसरे रघूजी १८५३ च्या डिसेंबरांत निपुत्रिक वारले व पुढच्या वर्षीं राज्य खालसा झालें. म्हणजे हें देऊळ उभें राहिलें तें मुख्यत्वें गोऱ्या अंमलदारांच्या व शिपायांच्या उपासनेसाठीं. त्यांच्या चॅप्लेनांचा पगार सरकारी तिजोरींतून निघे, आणि ती तिजोरी सर्व धर्मांच्या रयतेच्या करानें भरे. हें सत्य ख्रिस्ती माणसानें झांकून ठेवूं नये. तें कबूल केल्यानें आपल्या विश्वासास कमीपणा येत नाहीं. उलट त्या देवळांत आज मराठी व हिंदी बोलणारीं माणसें गुडघे टेकतात, याचें मोल अधिक कळतें.

याच काळांत दुसरा एक प्रवाह निराळ्या वाटेनें येत होता. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप १८४५ सालीं नागपुरास आले. त्यांनीं शाळा काढली, खडक व जीवाश्म तपासले, गोंडादि जमातींच्या भाषा व चालीरीती टिपून ठेविल्या. आणि ४ सप्टेंबर १८६३ रोजीं टाकळघाटाकडून परततांना पुराच्या पाण्यांत त्यांचा अंत झाला. त्यांच्या नांवाचें कॉलेज १८८३ पासून या शहरांत चालू आहे. ते अँग्लिकन नव्हते. त्यांच्या मंडळींत बिशप नसत, निवडलेले वडील कारभार पाहत. तिकडे चांद्यास स्कॉटलंडच्याच, परंतु बिशप मानणाऱ्या एपिस्कोपल चर्चनें काम हातीं घेतलें. त्या चांद्याच्या आरंभींच्या कामांत एक मराठी नांव आहे : रेव्हरंड नेहेम्या गोरे. मूळचे नीळकंठशास्त्री, काशींत वाढलेले कोंकणस्थ ब्राह्मण, १८४८ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. 'षड्दर्शनदर्पण' या ग्रंथाचे कर्ते एवढीच त्यांची ओळख सांगितली जाते. परंतु हा पंडित आपल्या चांदा जिल्ह्यांत पाळक म्हणून राबला, हें आपल्या मुलांस ठाऊक नसतें. जबलपुराकडे चर्च मिशनरी सोसायटीचें काम चालूच होतें. अशा रीतीनें एकाच मुलखांत दोन घरें उभीं राहिलीं : एक सरकारी छत्राखालचें, दुसरें मिशनरी व देशी उपदेशकांच्या कष्टांचें. दोहोंचा देव एक, पण ओसरी वेगळी.

हीं दोन घरें एका चौकटींत आणण्याचा पहिला प्रयत्न म्हणजे नागपूर धर्मप्रांताची स्थापना. १९०३ सालीं एयर चॅटर्टन हे पहिले बिशप झाले. ते आयरिश होते, आणि छोटा नागपुरांत हजारीबागेकडे काम करून आलेले होते. त्यांचा धर्मप्रांत केवढा, तर मध्यप्रांत, वऱ्हाड, मध्य हिंदुस्थानांतील संस्थानें आणि राजपुताना ! एकीकडे अजमेर, दुसरीकडे रायपूर. आगगाडी, टांगा व बैलगाडी यांवर त्यांनीं या मुलखांत २३ वर्षें काढलीं. त्यांनीं या प्रदेशावर 'द स्टोरी ऑफ गोंडवाना' हें पुस्तक १९१६ सालीं लिहिलें. त्यांच्यामागून १९२६ ते १९३७ ॲलेक्स वुड बिशप झाले. ते पूर्वीं चांद्याचे मिशनरी होते, मध्यंतरीं छोटा नागपूरचे बिशप होते. पुढें १९३७ ते १९४८ हार्डी व १९४९ ते १९५४ सिंकर. त्यानंतर जॉन सादिक या भारतीय बिशपांच्या हातीं धर्मप्रांताची काठी आली. व्ही. एस. अझरया हे दोर्नकल येथें १९१२ सालींच पहिले भारतीय अँग्लिकन बिशप झाले होते. नागपुरास त्यानंतर चाळीस वर्षांहून अधिक वाट पाहावी लागली. या विलंबाचा दोष केवळ परकीयांवर टाकून चालणार नाहीं. वाढून ठेवलेलें ताट जोंवर समोर येतें तोंवर चूल कोण पेटवितो याची चौकशी आपणही केली नाहीं.

याच प्रदेशांत एका माणसानें ती केली होती. रेव्हरंड नारायण वामन टिळक बाप्तिस्म्यापूर्वीं नागपुरांत राहिलेले. १८९५ सालीं ते ख्रिस्ती झाले, आणि १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडून त्यांनीं 'देवाचा दरबार' मांडला. ते अँग्लिकन नव्हते. परंतु पगाराच्या आश्रयावांचून, देशी माणसांच्या बळावर ख्रिस्ताची मंडळी उभी राहिली पाहिजे, ही त्यांची तळमळ आपल्या धर्मप्रांतासही लागू होती.

कायद्यानें स्वातंत्र्य आलें तें १९३० सालीं. १९२७ च्या कायद्यान्वयें १ मार्च १९३० पासून हिंदुस्थान, ब्रह्मदेश व सिलोन येथील अँग्लिकन मंडळी इंग्लंडच्या चर्चपासून स्वतंत्र झाली. स्वतःची घटना, स्वतःच्या सभा आणि स्वतःचे बिशप निवडण्याचा अधिकार तिला मिळाला. सरकारी पगारी चॅप्लेनांची व्यवस्था मात्र कांहीं वर्षें चालूच राहिली, आणि १९४७ च्या स्वातंत्र्यानंतर तीही संपली. त्यानंतर थोड्याच वर्षांत एक कठीण प्रसंग आला. नागपूर ही मध्यप्रदेशची राजधानी असतांना, १९५४ सालीं, सरकारनें मिशनरी कार्याच्या चौकशीसाठीं निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. तिचा अहवाल १९५६ सालीं बाहेर आला. त्यांतील निष्कर्षांविषयीं तीव्र मतभेद झाले व ते आजही आहेत. त्यांतील पुष्कळ विधानें मला मान्य नाहींत. परंतु "तुमचा संसार परदेशी पैशावर चालतो," या आक्षेपास सभेंत ठराव करून उत्तर देतां येत नाहीं. तें दर महिन्याच्या वर्गणीनेंच देतां येतें. ज्या मंडळीचा पाळक तिच्याच घासावर जगतो तिला परकी कोण म्हणेल ?

यानंतरची घटना नागपूरकरांनीं अभिमानानें सांगावी अशी आहे, आणि आश्चर्य हें कीं तीच आपल्या मुलांस सर्वांत कमी ठाऊक आहे. १९२९ पासून उत्तर हिंदुस्थानांतील निरनिराळ्या मंडळ्या एक होण्याविषयीं बोलणीं करीत होत्या. चाळीस वर्षांहून अधिक काळ हा विचारविनिमय चालला. अखेर २९ नोव्हेंबर १९७० रोजीं, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारीं, आपल्या या नागपूर शहरांत सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. अँग्लिकन, संयुक्त उत्तर भारतीय मंडळी, बाप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेची मेथॉडिस्ट अशा त्या सहा. अमेरिकन परंपरेची मेथॉडिस्ट मंडळी अगदीं शेवटच्या टप्प्यावर मागें राहिली, याचें अनेकांस दुःख झालें. हिस्लॉप यांच्या स्कॉटिश परंपरेची मंडळी पूर्वींच संयुक्त मंडळींत आलेली होती. म्हणून १९७० सालीं सदरचें देऊळ व हिस्लॉपांचा वारसा एका घरांत आले.

त्या दिवशीं प्रत्येकानें कांहींतरी सोडलें. निरनिराळ्या परंपरांतील सेवकांनीं एकमेकांच्या मस्तकीं हात ठेवून आपापल्या सेवा एक केल्या. "आमचीच दीक्षा खरी" हा अभिमान तेथें खालीं ठेवला गेला. बालकाचा बाप्तिस्मा आणि जाणत्या वयांतील बाप्तिस्मा, ज्यांवरून युरोपांत शतकें भांडणें झालीं, ते दोन्ही एकाच मंडळींत मान्य झाले. कारभाराची रचनाही तिन्ही परंपरांतून घडली. अँग्लिकनांकडून बिशपपद आलें, प्रेसबिटेरियनांकडून पाळक व वडील यांनीं मिळून निर्णय करण्याची शिस्त आली, आणि बाप्टिस्टांसारख्या मंडळ्यांकडून स्थानिक मंडळीचा मान आला.

आज व्यवस्था अशी आहे. सर्वांत खालीं, किंबहुना पायाशीं, स्थानिक मंडळी. तिचा पाळक आणि सभासदांनीं निवडलेली पॅस्टोरेट कमिटी मिळून तिचा व्यवहार पाहतात. या मंडळ्यांचे पाळक व प्रतिनिधि मिळून धर्मप्रांताची परिषद होते. बिशप तिचे अध्यक्ष असतात, परंतु एकटे धनी नसतात. सर्व धर्मप्रांतांचे प्रतिनिधि मिळून सिनड होते, आणि तिच्या प्रमुखास मॉडरेटर म्हणतात. बिशपांच्या निवडींतही मंडळीच्या प्रतिनिधींचें मत घेतलें जातें. पाळकपदाची दीक्षा आतां स्त्रियांनाही मिळते. जुन्या अवाढव्य धर्मप्रांताच्या मुलखांत आज राजस्थान, भोपाळ, जबलपूर व छत्तीसगड असे स्वतंत्र धर्मप्रांत आहेत, आणि नागपूर धर्मप्रांताचा मुख्य भाग म्हणजे आपला विदर्भ. चॅटर्टनांस ज्या मंडळीस भेटण्यासाठीं दिवसचे दिवस प्रवास करावा लागे, ती आज आपल्या हांकेच्या अंतरावर आहे.

इतकी सुंदर रचना असतां दुखणें कोठें आहे ? एक अनुभव सांगतों. मंडळीचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. वार्षिक सभेची सूचना तीन रविवार वाचली गेली. सभेच्या दिवशीं उपासनेस देऊळ भरलें होतें. आशीर्वचन झालें, आणि पंधरा मिनिटांत बांकें रिकामीं झालीं. सभेस आम्ही अकराजण उरलों. त्या अकरांनीं वर्षाचा हिशेब संमत केला, कमिटी निवडली, आणि दोन खोल्यांच्या भाड्यावरून दीड तास वाद केला. रविवारच्या शाळेस पुस्तकें नाहींत, हा विषय वेळेअभावीं पुढें ढकलला गेला. त्या अकरांत मीही होतों. मीही उठून बोललों नाहीं, म्हणून दोष इतरांवर ढकलीत नाहीं. परंतु पुढें वर्षभर जे "कमिटीवाले असे आणि तसे" म्हणून बोलत राहिले, ते त्या दिवशीं घरीं जेवत होते.

कोणी म्हणतील, "गुरुजी, या निवडणुकांनींच घात केला. पूर्वीं एक साहेब सांगे आणि सर्व ऐकत. भांडणें नव्हतीं, न्यायालयाच्या पायऱ्या नव्हत्या." हा आक्षेप पोकळ नाहीं. ख्रिस्ती संस्थांच्या जमिनी व पदें यांवरून देशांत ठिकठिकाणीं दावे चालतात, आणि तें वाचून मान खालीं जाते. परंतु पूर्वींची शांतता ही पुष्कळ अंशीं विचारणारा कोणी नसण्याची शांतता होती. घरांतला मुलगा मोठा झाला म्हणजे बापाशीं हिशेबावरून दोन शब्द होतात. म्हणून त्यास पुन्हां पाळण्यांत निजवीत नाहींत. अकरा माणसांच्या सभेंत कोणाही दोघांस कारभार बळकावतां येतो. दीडशें माणसांच्या सभेंत तें कठीण. रोग अधिकाराचा नव्हे, गैरहजेरीचा आहे.

यास्तव माझ्या अल्पमतीस सुचणाऱ्या चार गोष्टी सांगतों. पहिली : प्रत्येक कुटुंबानें आपली वर्गणी ठरवावी आणि ती सण पाहून नव्हे, महिना पाहून द्यावी. रक्कम लहान असली तरी चालेल. विधवेच्या दोन टोल्यांची किंमत आपणांस शिकविलेली आहे. दुसरी : मंडळीचा जमाखर्च दर तीन महिन्यांनीं उपासनेनंतर मोठ्यानें वाचला जावा व देवळाच्या दारावर लावला जावा. प्रामाणिक खजिनदारास यांत संकट वाटण्याचें कारण नाहीं. उलट संशयापासून त्याची सुटका होईल. तिसरी : वाडवडिलांनीं ठेविलेली जमीन रोजच्या खर्चासाठीं विकण्यास आपण संमति देऊं नये. पेरणीचें बियाणें दळून खाणाऱ्या कुणब्यास आपल्या वऱ्हाडांत कोणी शहाणा म्हणत नाहीं. चौथी विद्यार्थ्यांसाठीं : पाळकांची परवानगी घेऊन आपल्या मंडळीचीं जुनीं बाप्तिस्मा-विवाहाचीं पुस्तकें पाहा, दफनभूमींतील झिजत चाललेले लेख वहींत उतरवून घ्या, आजी-आजोबांस १९७० सालच्या त्या रविवारीं काय पाहिलें तें विचारा. तो दिवस पाहिलेलीं माणसें आतां थोडींच उरलीं आहेत. ज्यास आपल्या घराची कथा ठाऊक असते तो घर सहसा विकत नाहीं.

आमच्या शाळेंतील हिंदु, बौद्ध व मुसलमान पालकांस वाटेल कीं, हें ख्रिस्ती लोकांचें घरगुती बोलणें आहे. तसें तें आहे खरें. परंतु ज्या शाळेंत आपण मुलें विश्वासानें धाडतां तिच्यासारख्या संस्था याच घरांत जन्मल्या. शिवाय हें दुखणें आमचें एकट्याचें नाहीं. ग्रामसभा, सहकारी सोसायटी, देवस्थानची पंचकमिटी, विहारसमिति, मशिदीची जमात, जेथें जेथें चार माणसांनीं मिळून कारभार करावयाचा तेथें तेथें अकराजण सभेस बसतात आणि बाकीचे घरीं बसून टीका करतात. मुलांनीं एका ठिकाणीं हजर राहण्याची संवय लाविली, तर ती सर्व ठिकाणीं उपयोगीं पडेल.

त्या दिवशीं झाडाखालीं मीं मुलांस सांगितलेलें उत्तर येथें पुन्हां लिहितों. हें देऊळ परक्यांनीं बांधलें, आपल्या देशाच्या पैशाचा अंश त्यांत गेला, हिस्लॉप व गोरे यांच्यासारख्यांचे कष्ट त्यास येऊन मिळाले, आणि १९७० सालीं सहा मंडळ्यांनीं आपापला अभिमान सोडून तें घर सर्वांसाठीं मोठें केलें. कागदोपत्रीं तें विश्वस्तांचें आहे. परंतु तें तुमचें आहे कीं नाहीं, हें कागदावरून ठरत नाहीं. तुमच्या मंडळीची पुढील वार्षिक सभा ज्या रविवारीं असेल त्या रविवारीं आशीर्वचनानंतर बांकावरून उठूं नका. आईवडिलांनाही उठूं देऊं नका. पुढच्या वर्षीं मी नवीन वर्ग घेऊन तेथें जाईन तेव्हां तोच प्रश्न मीच विचारणार आहें. निदान एकानें तरी "आमचें" म्हणावें, एवढीच प्रभूजवळ प्रार्थना आहे.